डोंगरवाटेचे शिवणकाम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले, आणि विषयही त्यांनीच सुचविला. मी सातवीपर्यंत शिकलेली. चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. शिवणयंत्रापुढे बसण्याची मात्र वीस वर्षांची सवय आहे. तेव्हा हाताला जे ठाऊक आहे तेवढेच सांगेन. विषय आहे डोंगरात, रानात, पावसात जाताना लागणारे सामान घरी शिवण्याचा.

काहीजणींना वाटेल, हे काय नवीन खूळ! झबली, परकर, ब्लाऊज, उशांचे अभ्रे आणि फार तर दाराखिडक्यांचे पडदे एवढीच घरच्या यंत्राची धाव, अशी आपली समजूत असते. पण मी म्हणते, हे काम मुळात आपलेच आहे. आपल्या आज्यांच्या काळी प्रवासाला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर पडशी असे. तिचे दोन खण, एक पुढे व एक मागे, म्हणजे ओझे दोन्हीकडे सारखे. चंची आठवा. कात, सुपारी, चुना, लवंग यांना निरनिराळे कप्पे आणि वर गुंडाळून बांधण्याचा बंद. आज दुकानात कप्प्याकप्प्यांची पिशवी मोठ्या किमतीला मिळते, ती चंचीचीच नात होय. माण-खटावकडच्या धनगराची घोंगडी भिजली तरी अंगात ऊब राहते. जुन्या लुगड्यांची गोधडी तर घरोघर होती. ही सगळी रानावनातली सामग्रीच, आणि तिच्यातली पुष्कळशी बायकांच्या हातची.

दुसऱ्या देशांतही असेच आहे. उत्तर कॅनडात आणि ग्रीनलंडात इन्युइट लोक राहतात. शाळेत आपण त्यांना एस्किमो म्हणून शिकलो. तेथले पुरुष बर्फावर सीलच्या आणि कॅरिबूच्या शिकारीला जात, आणि त्यांच्या अंगावरचे कातडी कपडे व पायांतले बूट घरच्या स्त्रिया शिवीत. पाण्याचे बूट शिवताना सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच काढावयाची, आरपार भोक पाडावयाचे नाही. एका बाजूने एक ओळ घालावयाची आणि मग उलट बाजूने दुसरी, अशी त्यांची रीत. दोरा जनावराच्या तातेचा. तो भिजला की फुगतो आणि भोक बुजते. तेथे एक शिवण उसवली तर थंडीने पाय गोठून माणूस प्राणास मुकेल. शिकाऱ्याच्या नेमाइतकाच त्याच्या बायकोचा टाकाही संसाराला आधार होता.

आपल्याकडे शिकारीचे दिवस गेले. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि ते योग्यच झाले. पण रानात जाणे काही थांबले नाही. मुले गड चढतात, पक्षी पाहावयास जातात, कासच्या पठारावर फुले पाहतात. जिवाची काळजी आणि पाठीवरचे ओझे पूर्वीसारखेच आहे.

आता हा विषय मला महत्त्वाचा का वाटतो ते सांगते. आपल्याच आळीतील एका घरी दोन मुले, मोठा मुलगा व धाकटी मुलगी. दोघांच्याही शाळेची सहल राजगडला जावयाची होती. शाळेने सामानाची यादी दिली. पाठीवरची सॅक, पावसाचा डगला, झोपायची पिशवी. वडिलांनी दुकानात भाव विचारले, बोटांवर हिशेब केला आणि मुलापुरते सामान आणले. मुलीला म्हणाले, "तुझे पुढच्या वर्षी बघू." बायांनो, हे 'पुढच्या वर्षी' मुलींच्या वाट्याला फार येते. आणि पुढचे वर्ष येते तोवर मुलगी मोठी झालेली असते, म्हणून तिला पाठवीत नाहीत. बाप काही वाईट नव्हता. पैसे एकाचेच होते, आणि एकाचेच असले की ते कोणाचे ठरतात हे आपण सगळ्या जाणतो.

आपल्या गुरुवारच्या शिवणवर्गात आम्ही चौघीजणींनी चार दुपारी बसून त्या मुलीचे सामान शिवले. सॅकला कापड, चेन, पट्टी आणि बकले मिळून सहाशे रुपयांच्या आत खर्च आला. ती राजगडच्या बालेकिल्ल्यापर्यंत जाऊन आली. परत आल्यावर तिने मला सॅकचा तळ दाखविला. आम्ही तळाला दुहेरी कापड घातले होते. दगडांवर घासून वरचा थर पांढरा पडला होता, आतला शाबूत होता. तिची आई काही बोलली नाही, नुसता तळावरून हात फिरवीत राहिली.

एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली भारतीय स्त्री बचेंद्री पाल. 23 मे 1984 रोजी ती शिखरावर उभी राहिली. उत्तरकाशीकडच्या खेड्यातली ही मुलगी. शिक्षणाच्या खर्चासाठी तिने शिवणकाम केले होते. तेव्हा सुईदोऱ्याचे आणि शिखराचे वाकडे नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पहिली गोष्ट, ब्लाऊजची शिवण आणि ओझ्याची शिवण या दोन वेगळ्या आहेत. ब्लाऊजला आपण बारीक टीप घालतो, इंचाला बारा टाके. जाड कापडाला इंचाला आठ टाके पुरेत. टाके फार जवळ घातले तर भोकांची रांग होते, आणि टपाल तिकीट जसे भोकांवरून फाटते तसे कापड त्या रेषेवर फाटते. मजबुती हवी असेल तर पाव इंच सोडून दुसरी टीप घालावी. माया अर्ध्या इंचाहून कमी सोडू नये. मायेला कात्री लावून आजवर कोणाचे भले झालेले नाही.

सुई जाड कापडाला सोळा नंबरची घ्यावी. चार थर एकावर एक येतात तेथे अठरा नंबरची, आणि तेवढ्या जागी पाय न चालविता हाताने चाक फिरवावे, म्हणजे सुई मोडत नाही. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा पावसात ओला राहून कुजतो. जी शिवण बाहेरून घासली जाणार ती चपटी करावी, म्हणजे कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून दोन टिपांखाली बंद होतात.

कापड घेताना दुकानदार 420, 600, 1000 असे आकडे सांगतो. घाबरून जाऊ नका. ते धाग्याच्या जाडीचे माप आहे. 9000 मीटर लांब धाग्याचे जेवढे ग्रॅम वजन, तेवढा तो आकडा. एका दिवसाच्या सॅकला 600 चे कापड पुरते. आतून मेणकापडासारखा लेप असेल तर बरे. चेनचेही तसेच. बंद केलेल्या दातांची रुंदी साधारण जितके मिलिमीटर, तितका तिचा नंबर. बाहेरच्या खिशाला पाच नंबर चालेल, मुख्य तोंडाला आठ किंवा दहा घ्यावी. नायलॉनचे कापड आणि पट्टी यांच्या कापलेल्या कडा सुटतात. त्या मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेऊन किंचित वितळवाव्या. हे काम करताना पदर खोचलेला असावा आणि मूल जवळ नसावे.

आता सॅकचे माप. दुकानातल्या पुष्कळशा सॅक पुरुषाच्या पाठीवर बेतलेल्या असतात. आपल्या मुलींची पाठ आखूड, खांदे अरुंद. पट्टे खांद्यांवरून घसरतात आणि सगळे वजन मानेवर येते. घरी शिवण्याचा मोठा फायदा येथे आहे. मुलीला मान खाली घालावयास सांगा. मानेच्या मुळाशी एक हाड वर येते, तेथे टेपचे एक टोक धरा. मग तिला दोन्ही हात कमरेवर ठेवून अंगठे मागे न्यावयास सांगा. अंगठे जेथे टेकतात त्या रेषेपर्यंत मोजा. ती तिच्या पाठीची लांबी. खांद्याचे पट्टे आणि कमरेचा पट्टा यांतील अंतर या मापावर ठरवावे. ओझे कमरेने उचलावयाचे असते, खांद्यांनी नुसते सावरावयाचे. पाण्याची घागर आपण कमरेवर घेतो ती उगीच नाही.

पंधरा-सोळा इंच पाठीच्या मुलीसाठी सोळा इंच उंच, अकरा इंच रुंद आणि आठ इंच जाड अशी पिशवी बेतावी. तिच्यात बावीस लिटरच्या आसपास सामान मावते, म्हणजे दोन लिटर पाणी, डबा, डगला, स्वेटर आणि औषधे. चढणाऱ्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझे देऊ नये. खांद्याचे पट्टे अडीच इंच रुंद असावेत. आत स्पंज घालू नका, तो पाणी पितो. योगासनांची जुनी रबरी चटई असेल तर तिचे तुकडे कापून घाला.

सॅक फाटते ती बहुधा पट्टा जोडलेल्या जागी. म्हणून पट्टा नुसता पाठीच्या कापडावर शिवू नये. आत दुसऱ्या कापडाचा तुकडा घ्यावा, पट्ट्याचे टोक दोन इंच आत घालावे, त्यावर चौकोनी टीप मारून मध्ये फुली घालावी. तळाला दुहेरी कापड आणि पाणी निथळावयास एक लहान छिद्र ठेवावे.

शिवून झाली की परीक्षा घ्यावी. पाच किलो वाहावयाचे असतील तर दहा किलो गहू भरून सॅक रात्रभर खुंटीला टांगावी. सकाळी प्रत्येक शिवण ताणून पाहावी. जी शिवण सुटायची ती आपल्या स्वयंपाकघरात सुटावी, कड्यावर सुटू नये. आणि एक लक्षात ठेवा, घरी शिवलेली सॅक कितीही चांगली झाली तरी धो धो पावसात तिच्यात पाणी शिरतेच. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचे तोंड पिळून बांधावे.

दुसरी वस्तू, पावसाची खोळ. लहान मुलाच्या अंथरुणाखाली आपण जे रबरी कापड घालतो ते मॅकिंटॉश. चार्ल्स मॅकिंटॉश नावाच्या गृहस्थाने 1823 साली दोन कापडांमध्ये रबराचा थर दाबून ते प्रथम केले, आणि पावसाचे डगले त्याचेच शिवले जात. आता लेप दिलेले हलके नायलॉन मिळते. साठ इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड घ्यावे, मध्ये दुमडून डोक्यापुरते भोक कापावे आणि त्यावर दोन तुकड्यांची टोपी बसवावी. घडी खांद्यावर येते, त्यामुळे खांद्यावर शिवणच येत नाही. आणि पाऊस जास्त झोडपतो तो खांद्यावर. मागची बाजू दहा इंच लांब ठेवली तर सॅकही खाली झाकली जाते. या कापडाला मधोमध टाचणी लावू नये, जेवढी भोके तेवढे पाणी. मायेतच टाचावे, नाहीतर कपडे वाळविण्याचे चिमटे लावावे. टोपीच्या शिवणीवर आतून पाणी अडविणारी पट्टी चिकटवावी. ती कोमट इस्त्रीने, वर सुती कापड ठेवून बसते. वाऱ्याने खोळ उडू नये म्हणून कमरेला नाडी हवीच.

तिसरी वस्तू सगळ्यांत सोपी आणि फुकटची. झोपायच्या पिशवीचे आतले अस्तर. जुनी मऊ सुती सहावारी साडी साडेपाच मीटर भरते. त्यातले सव्वाचार मीटर मध्ये दुमडून दोन्ही बाजू शिवल्या की माणसाच्या उंचीची पिशवी तयार. उरलेल्या सव्वा मीटरात उशीचा खोळा होतो. जाड पिशवी वारंवार धुता येत नाही, अस्तर मात्र दर खेपेस धुता येते. आणि आईच्या साडीत झोपलेल्या मुलाला गडावर लवकर झोप लागते, हा आमच्या घरचा अनुभव.

चौथी वस्तू, जळवांचे मोजे. पावसाळ्यात कोयनेच्या रानात जाणाऱ्यांना जळवांचा त्रास होतो. घट्ट विणीच्या पॉपलिनचा गुडघ्यापर्यंतचा मोजा शिवावा, शिवण बाहेर ठेवावी म्हणजे पाय सोलत नाही, आणि वर नेफा करून नाडी घालावी. नेहमीच्या मोज्यावर हा चढवून मग बूट घालावा. नाडीच्या जागी चिकटपट्टी लावू नये. ती चिकटपट्टी शोधून काढणाऱ्या जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअराला तिची कल्पना 1941 साली रानातून फिरून आल्यावर सुचली. कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बिया चिकटल्या होत्या, लुगड्याला कुसळे चिकटतात तशा. पण त्याच पट्टीत चिखल आणि कुसळे भरली की ती चिकटेनाशी होते. आपली नाडी चिखलातही सुटते आणि बांधता येते.

रंगाविषयी एक शब्द. पक्षी पाहावयास जाणाऱ्याने खाकी किंवा मळकट हिरवे घालावे. पण गड चढणाऱ्या मुलीची खोळ लाल किंवा नारिंगी असावी. धुक्यात दहा पावलांवरचे माणूस दिसत नाही. वाट चुकलीच तर शोधणाऱ्याला रंग दिसला पाहिजे.

आता जे शिवावयाचे नाही ते सांगते, आणि हे कृपा करून नीट ऐका. कडे चढताना कमरेला बांधण्याचा पट्टा, दोराला अडकवावयाचे फास, ज्याच्यावर माणसाचे वजन येणार अशी कोणतीही पट्टी घरी शिवू नये, उसवली तर घरी दुरुस्तही करू नये. अशा फासाला 22 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार किलो ताण सोसण्याची कसोटी असते. ती कसोटी आपल्या खुंटीवर घेता येत नाही. कसोटीचा शिक्का असलेली वस्तूच विकत आणावी. सॅक फाटली तर डबा पडेल, फास सुटला तर लेकरू पडेल. पोहे आणि साखर उधार आणता येते, पण या बाबतीत काटकसर नको. घरच्या शिवणीने जे पैसे वाचतील ते येथे खर्च करावे.

शेवटी दुरुस्तीविषयी. इंग्रज फौजेत शिपायाच्या सामानात सुईदोरा, बटणे यांची एक गुंडाळी असे. तिला काय म्हणत ठाऊक आहे? 'हाउसवाइफ', म्हणजे गृहिणी! लढाईवर जाणाऱ्या गड्यालाही खिशात गृहिणी लागत होती. आपल्या सातारा जिल्ह्यात घरोघरी सैनिक आहेत, त्यांना हे सांगून पाहा. तेव्हा प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या सॅकमध्ये दोन जाड सुया, पक्का दोरा, चार सेफ्टी पिना आणि कापडाचा एक तुकडा द्या. नुसता देऊ नका, टाका घालावयास शिकवा. मुलग्यांनाही शिकवा. गडावर शिंपी नसतो आणि आईही नसते.

मला मंडळापुढे एक सूचना ठेवावयाची आहे. आपल्याकडे सहा यंत्रे आहेत. दुपारी दोन ते चार ती बहुतेक मोकळीच असतात. या वर्षात आपण दहा सॅक, दहा खोळी आणि जुन्या साड्यांची दहा अस्तरे शिवून मंडळाच्या कपाटात ठेवावी. शाळेच्या सहलीला निघालेल्या ज्या मुलीच्या घरी सामान नसेल तिने वहीत नाव लिहून न्यावे आणि धुऊन परत आणावे. भाडे नको, अनामत नको. फाटले असेल तर तिनेच आपल्यापाशी बसून शिवून द्यावे, म्हणजे ती शिकेल. कापडासाठी मी माझे पाचशे रुपये आजच चिटणीसबाईंकडे देते.

आणि हे सामान नुसते मुलींसाठी नाही हो. अजिंक्यतारा आपल्या उशाशी आहे. आपल्यातल्या किती जणी लग्न होऊन येथे आल्यापासून तो खालूनच पाहत आहेत! थंडीत आधी तो चढू. मग पाय बसले की कळसूबाई. 1646 मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, आणि नाव एका बाईचे. आपल्याच हातच्या सॅक पाठीवर घेऊन जाऊ. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली पिठलेभाकरी करून ठेवावी.

गुरुवारी दुपारी दोन वाजता पहिली सॅक बेतावयास घेऊ. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी टेप, कात्री आणि सोळा नंबरची सुई आणावी.